धर्माची फलश्रुती : एका अज्ञेयवाद्याचा विचार

आपल्याकडील बहुतेक स्तोत्रांच्या अखेरीस फलश्रुती असते. स्तोत्र नित्य म्हणणाऱ्यास काय काय प्राप्त होईल, याची ती यादी. साहित्याचे अभ्यासक स्तोत्राच्या रचनेचा, प्रतिमांचा, छंदाचा विचार करतात आणि फलश्रुतीपाशी येताच पुस्तक मिटतात. श्रद्धावंतांतील जाणती माणसेही तिच्याकडे काहीशा संकोचाने पाहतात. कारण फळाच्या आशेने केलेली भक्ती ही त्यांच्या लेखी कनिष्ठ भक्ती होय. पूर्वमीमांसेने तर काही ठिकाणच्या फलश्रुतीला सरळ अर्थवाद ठरविले आहे; म्हणजे ती वस्तुस्थिती सांगत नाही, विहित कर्माची स्तुती करते. असे असले तरी धर्मापासून माणसाला काय मिळते, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. ज्याला देवाच्या अस्तित्वाविषयी होय किंवा नाही असे कोणतेच उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही, त्याला तर तो मुळीच टाळता येत नाही. कारण त्याच्यापुढे धर्म उभा राहतो तो फळांच्याच रूपाने. मूळ त्याला दिसत नाही. फळे मात्र त्याच्या अंगणात पडलेली असतात.

प्रस्तुत लेखात या फळांचा विचार करावयाचा आहे. लेखक स्वतः अज्ञेयवादी आहे आणि त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे भक्तिकाव्याच्या अनुवादात गेली आहेत. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असे त्याला अनेकदा विचारण्यात आले आहे. तो प्रश्न थोडासा आरोपाच्या स्वरात विचारला जातो, आणि तो स्वर सर्वस्वी अन्यायाचा आहे असेही म्हणता येत नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडले आहे.

१

प्रथम शब्दाविषयी. 'अज्ञेयवाद' हा आपण ज्या इंग्रजी शब्दासाठी योजतो तो शब्द टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८६९ साली घडविला. भोवतालच्या प्रत्येक विद्वानाला काही ना काही 'वाद' असताना आपल्याला मात्र कोणतेच बिरुद नाही, अशा काहीशा विनोदी अडचणीतून आपण तो तयार केला, असे त्यांनी पुढे १८८९ मधील निबंधात सांगितले आहे. त्यांच्या मते ही एक पद्धती होती, मत नव्हे. बुद्धी जेथवर नेईल तेथवर जावे, आणि जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाल्याचे भासवू नये, एवढाच तिचा आशय.

शब्द नवा असला तरी वृत्ती आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाचा शोध घेत घेत अखेर प्रश्नचिन्हापाशीच थांबते. जग नित्य आहे की अनित्य, यांसारख्या प्रश्नांना बुद्धाने उत्तर दिले नाही, आणि ते का दिले नाही हे समजावताना विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण कोणी मारला, तो कोणत्या लाकडाचा होता, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस ते कळण्यापूर्वीच मरेल. पूर्वमीमांसेने तर जगाच्या कर्त्या ईश्वरावाचून संपूर्ण कर्मकांडाची उपपत्ती लावली. तेव्हा धर्म म्हणजे ईश्वराविषयीचे एक विधान, आणि ते विधान डळमळले की सर्व इमारत कोसळली, हे समीकरण निदान आपल्या देशात तरी कधीच पुरते खरे नव्हते. ज्याला विधान पटत नाही त्याचा आचाराशी, भाषेशी, समाजाशी असलेला संबंध शिल्लक उरतोच. आपल्याला विचार करावयाचा आहे तो या शिल्लक उरलेल्या संबंधाचा.

२

धर्माच्या उपयुक्ततेचा प्रश्न आधुनिक काळात सर्वांत सावधपणे मांडला तो जॉन स्टुअर्ट मिल यांनी. १८५० ते १८५८ या काळात लिहिलेला त्यांचा 'धर्माची उपयुक्तता' हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झाला. निबंधाच्या आरंभीच ते एक मार्मिक निरीक्षण नोंदवितात. धर्म खरा आहे याविषयी लोक निःशंक असतात तेव्हा तो उपयुक्त आहे की नाही याची चर्चा कोणी करीत नाही. सत्याचा युक्तिवाद दुबळा झाला की उपयुक्ततेचा युक्तिवाद पुढे येतो. म्हणजे आपण ज्या प्रश्नाला हात घातला आहे तो प्रश्न मुळातच संशयाच्या काळाचा आहे.

मिल पुढे धर्माच्या नावावर जमा असलेल्या रकमांची फेरतपासणी करतात. समाजात नीती टिकते ती धर्मामुळे, असे म्हणतात. परंतु बालपणीचे शिक्षण, लोकमताचा धाक आणि परंपरेचा अधिकार या तीन शक्ती धर्माच्या पाठीशी उभ्या असतात म्हणून तो प्रभावी ठरतो. त्याच शक्ती दुसऱ्या एखाद्या नीतिव्यवस्थेच्या पाठीशी उभ्या राहिल्या तर तीही तितकीच प्रभावी ठरेल, असे त्यांचे म्हणणे. व्यक्तीच्या बाबतीत ते अधिक उदार होतात. धर्म आणि काव्य यांचा उगम माणसाच्या एकाच गरजेत आहे, असे ते मानतात. आपल्या वाट्याला आलेल्या जीवनाहून अधिक भव्य, अधिक सुंदर असे काही मनापुढे असावे, ही ती गरज.

मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर आपल्याकडे वाढलेला सर्वांत तेजस्वी पुरुष म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. १८५६ ते १८९५ एवढेच त्यांचे आयुष्य. शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' त्यांनी 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढले आणि रूढींच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या प्रत्येक कारणाला त्याची उपपत्ती विचारली. परिणामी पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. या प्रसंगाचा उल्लेख बहुधा आगरकरांचे धैर्य दाखविण्यासाठी होतो. परंतु धर्माच्या सामाजिक फळांविषयीही त्यातून एक गोष्ट कळते. मृताच्या आप्तांना सावरून धरण्यासाठी जो विधी निर्माण झाला, तोच विधी जिवंत माणसाला समाजाबाहेर काढण्यासाठी वापरता येतो. धर्माच्या जमाखर्चात ही नोंद विसरून चालणार नाही. तिच्याकडे पुढे पुन्हा वळू.

३

वैयक्तिक फळांचा विचार करताना एका अनुवादिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावण्यापूर्वी मेरी अ‍ॅन इव्हान्स अनुवाद करीत होत्या. १८४२ च्या जानेवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी वडिलांबरोबर चर्चमध्ये जाण्यास नकार दिला. काही महिन्यांच्या तणावानंतर तडजोड झाली ती अशी की, त्यांनी चर्चमध्ये जावे आणि तेथे बसून आपल्याला वाटेल तो विचार करावा. १८४६ मध्ये त्यांनी केलेला श्ट्राउसच्या येशूचरित्राचा अनुवाद प्रसिद्ध झाला. शुभवर्तमानांतील चमत्कारकथांची ऐतिहासिकता नाकारणारा हा ग्रंथ. क्रूसारोहणाच्या प्रकरणाची चिरफाड अनुवादताना त्या इतक्या व्यथित झाल्या की, समोर ठेवलेल्या येशूच्या मूर्तीकडे पाहूनच त्यांना ते काम सोसवत होते, असे त्यांच्या मैत्रिणीच्या पत्रात नमूद आहे. १८५४ मध्ये त्यांनी फॉयरबाखचा ग्रंथ इंग्रजीत आणला. माणूस आपल्याच उत्तम गुणांना देव म्हणून पूजतो, असा त्याचा सिद्धांत.

हे दोन ग्रंथ शब्दाशब्दाने पचविलेल्या या बाईने १८६१ मध्ये 'सायलस मार्नर' ही लहानशी कादंबरी लिहिली, आणि तीत धर्माची फळे जशी तोलली आहेत तशी एखाद्या तत्त्वज्ञानेही क्वचितच तोलली असतील. सायलस हा विणकर एका कडव्या पंथाचा निष्ठावंत अनुयायी. चोरीचा आळ येतो. पंथाच्या रीतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकून दैवी निर्णय मागितला जातो आणि निर्णय त्याच्याविरुद्ध लागतो. चोरी केलेली असते त्याच्या जिवलग मित्राने. श्रद्धा गमावून तो दूरच्या खेड्यात येतो आणि पंधरा वर्षे सोने साठवीत एकाकी राहतो. तेही सोने चोरीला जाते आणि एके रात्री त्याच्या चुलीपाशी एक पोरके मूल येऊन पडते.

येथे डॉली विन्थ्रॉप ही शेजारीण प्रवेश करते. ती त्याला केक आणून देते. त्या केकांवर तिने काही अक्षरे टोचलेली असतात. ती अक्षरे चर्चमधील व्यासपीठावरच्या वस्त्रावर असतात, म्हणून ती चांगली असली पाहिजेत, एवढेच तिला ठाऊक असते. तिला ती वाचता येत नाहीत. देवाविषयी बोलताना ती त्याचा उल्लेख अनेकवचनी सर्वनामाने करते, आणि तिचे धर्मशास्त्र त्याहून पुढे जात नाही. तरीही मुलाला नाव कसे द्यावे, त्याचा बाप्तिस्मा का करावा, त्याला कसे वाढवावे हे तीच सायलसला शिकविते. तिच्याबरोबर चर्चच्या दारातून आत गेलेला सायलस पुन्हा माणसांत येतो. पुष्कळ वर्षांनी तो आपल्या जुन्या पंथाचे मंदिर शोधीत शहरात जातो, तेव्हा तेथे कारखाना उभा असतो. चिठ्ठ्यांचा निर्णय चुकीचा का लागला, याचे उत्तर त्याला कधीच मिळत नाही. उत्तरावाचून जगता येईल एवढा विश्वास मात्र त्याच्या ठिकाणी आलेला असतो.

एलियट यांनी येथे दोन धर्म शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकापाशी ठाम सिद्धांत आहे आणि त्याने एका निरपराध माणसाचा घात केला. दुसऱ्यापाशी सिद्धांत जवळजवळ नाही. परंतु सणवार आहेत, नामकरण आहे, शेजारधर्म आहे आणि अर्थ न कळणारी काही अक्षरे आहेत. त्याने त्याच माणसाला वाचविले. धर्माची वैयक्तिक फळे प्रायः सिद्धांताच्या फांदीवर लागत नाहीत, असे या कादंबरीवरून म्हणता येईल.

विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांत हीच दिशा धरली. धार्मिक अनुभवाची परीक्षा त्याच्या मुळांवरून न करता फळांवरून करावी, असे त्यांचे सूत्र होते. या सूत्राचा आधार घेऊन पुष्कळांनी नको तेवढी उडी मारली आहे. फळ गोड आहे, तस्मात् मूळ खरे आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये दिलेले उदाहरण येथे ध्यानात ठेवावे. आपले जुने जहाज सुरक्षित आहे असा विश्वास एक मालक स्वतःच्या मनात प्रयत्नपूर्वक निर्माण करतो. त्या विश्वासाने त्याला शांत झोप लागते, आणि जहाज प्रवाशांसह बुडते. विश्वासाने दिलेली शांती हा विश्वासाच्या सत्यतेचा पुरावा नव्हे. मात्र शांती मिळाली, ही गोष्टही नाकारण्याचे कारण नाही.

येथे एक वैयक्तिक अनुभव सांगण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. प्रस्तुत लेखकाची आई नित्य सायंकाळी ज्ञानदेवांचा हरिपाठ म्हणत असे. तिला तो बराचसा पाठ होता, पण समोर पोथी उघडी असल्याखेरीज ती म्हणत नसे. उतारवयात तिची दृष्टी गेली, आणि तिने तो आपल्याला वाचून दाखवावा असे सांगितले. तिच्या मुलाची मते तिला ठाऊक होती. ज्यावर आपला विश्वास नाही ते तिच्यासमोर भक्तिभावाच्या स्वरात वाचणे म्हणजे तिची फसवणूक होईल, अशी अडचण मी बोलून दाखविली. ती म्हणाली, "विश्वास माझा आहे. तुझे फक्त डोळे हवेत. तू वाच." दोन वर्षे मी वाचत होतो. त्या दोन वर्षांत माझ्या मतांत काही बदल झाला नाही. पण दिवसातील एक घटका दोघांच्या मध्ये स्थिर राहिली. आजार, पैसा, भावंडांतील कुरबुरी यांपैकी काहीही त्या घटकेत शिरले नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी त्या वेळी काय करावे ते मला कळेना. मी पोथी उघडली आणि वाचली. कोणासाठी, हे मला सांगता आले नसते. परंतु हातांना आणि आवाजाला करण्यासारखे काही होते.

दुःखाला आकार देणे, हे धर्माचे सर्वांत निर्विवाद वैयक्तिक फळ होय, असे त्या दिवसापासून मला वाटत आले आहे. स्वतंत्र बुद्धीचा माणूस पुष्कळ गोष्टी स्वतः निर्माण करू शकतो. शोकाचा आकार मात्र त्याला ऐन वेळी निर्माण करता येत नाही. तो आधीच, दुसऱ्या कोणी तरी, घडवून ठेवलेला असावा लागतो.

४

'आधीच, दुसऱ्या कोणी तरी' या शब्दांतच वैयक्तिक फळाकडून सामाजिक फळाकडे जाण्याची वाट आहे. एमिल दुर्खीम हे रब्बींच्या घराण्यात जन्मलेले आणि स्वतः श्रद्धाहीन असलेले समाजशास्त्रज्ञ. १८९७ च्या आत्महत्येवरील ग्रंथात त्यांनी दाखविले की, प्रॉटेस्टंट समाजांत आत्महत्येचे प्रमाण कॅथॉलिक समाजांपेक्षा अधिक होते. वस्तुतः दोन्ही पंथ आत्महत्येचा सारखाच निषेध करतात. तेव्हा फरक पडतो तो उपदेशाने नव्हे. समाजाने व्यक्तीला किती घट्ट धरून ठेवले आहे, यावर तो अवलंबून असतो. त्यांच्या आकडेवारीवर पुढील अभ्यासकांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. परंतु प्रश्न विचारण्याची त्यांची रीत टिकून आहे. १९१२ मधील ग्रंथात ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या शोकविधींचे विवेचन करताना ते म्हणतात की, तेथे शोक हा व्यक्तीच्या भावनेचा उत्स्फूर्त उद्गार नसून समूहाने लादलेले कर्तव्य असते. एक सभासद गेल्याने दुबळा झालेला समूह एकत्र येतो, आणि एकत्र आल्यानेच त्याला बळ परत मिळते.

महाराष्ट्रात या विचाराची परीक्षा पाहावयाची तर आषाढीच्या वारीकडे जावे लागते. सुदैवाने श्रद्धाळू नसलेल्या दोन समर्थ लेखकांनी ही वाट चालून तिचे वर्णन केले आहे. इरावती कर्वे यांच्या वारीवरील लेखाचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशाबाहेरील अभ्यासकांतही तो मान्यता पावला. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये पालखीबरोबर चालले. त्यांचे 'पालखी' हे पुस्तक १९६४ चे. फिलिप एंगब्लॉम यांचा त्याचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये निघाला. दोघेही विठ्ठलाच्या ओढीने गेले नव्हते. एक मानववंशशास्त्रज्ञ, दुसरा कथाकार. दोघांनाही चालता चालता आपल्या तटस्थपणाची अडचण जाणवू लागते. भोवतालच्या माणसांना जे सहज लाभते आहे ते आपल्याला पाहता येते, घेता येत नाही, अशी ती अडचण. तरीही दोघांचे लेखन असूयेचे किंवा उपहासाचे होत नाही. चिखल, पाऊस, दिंडीची शिस्त, दुखणारे पाय आणि एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारणारी अनोळखी माणसे यांतून एक मोठा समाज चालताना दिसतो. ज्या लोकांची पावले पंढरीकडे वळतात त्यांची भूमी ती महाराष्ट्र, अशी व्याख्या या वाटेवर कर्वे यांना सापडली. एका प्रदेशाला स्वतःची ओळख राजधानीवरून न होता वाटेवरून व्हावी, हे धर्माचे केवढे मोठे सामाजिक फळ!

या फळाचे खरे स्वरूप २०२० साली अनपेक्षितपणे उघड झाले. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ मध्येही तसेच करावे लागले. पादुका पोहोचल्या, एकादशीची पूजा झाली. सिद्धांताच्या दृष्टीने काहीच उणे राहिले नाही. तरीही वारी झाली असे कोणी म्हटले नाही. घरी बसून नामस्मरण करा, हा उपदेश वारकऱ्यांनी मानला. परंतु ते स्मरण वारीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. चालणे, आणि इतरांबरोबर चालणे, हाच त्या आचाराचा गाभा होता.

५

आता खर्चाची बाजू. कर्वे यांच्या त्याच लेखात एक बोचरी नोंद आहे. एकाच दिंडीत एकच अभंग गात चालणारे ब्राह्मण आणि मराठे मुक्कामावर मात्र वेगवेगळे जेवत होते. बरोबर चालल्याने समता येतेच असे नाही. चोखामेळ्याला चौदाव्या शतकात ज्या मंदिराच्या बाहेर राहावे लागले, त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले ते साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेल्या उपोषणानंतर. शतकानुशतके ज्याचे अभंग आत गाइले जात होते त्याच्या समाजाला बाहेर उभे राहावे लागत होते. सामाजिक ऐक्य हे धर्माचे फळ आहे असे म्हणताना, ते कोणाच्या ओंजळीत पडले आणि कोणाच्या ओंजळीपर्यंत पोहोचलेच नाही, हे विचारणे अज्ञेयवाद्याचेच काय, प्रत्येक प्रामाणिक माणसाचे कर्तव्य आहे. दुर्खीम यांनी समूह कसा बळकट होतो ते सांगितले. समूहाची सीमा कोण आखतो, हा प्रश्न आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक तीव्रतेने विचारावा लागतो.

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' या १९६५ मधील कन्नड कादंबरीने या प्रश्नाला कथारूप दिले. ए. के. रामानुजन यांच्या १९७६ मधील अनुवादामुळे ती देशभर पोहोचली. एका अग्रहारात नारणप्पा नावाचा धर्मबाह्य वागलेला ब्राह्मण मरतो. त्याचा अंत्यसंस्कार कोणी करावा, याचे उत्तर शास्त्रात सापडत नाही. प्रेत पडून राहते. गावात प्लेग शिरतो. प्रेत हलल्याखेरीज ब्राह्मणांना अन्न घेता येत नाही. अखेर नारणप्पाची सोबतीण चंद्री एका मुसलमान मासेविक्रेत्याच्या मदतीने रात्री त्याला अग्नी देते, आणि ही गोष्ट न कळल्याने अग्रहारातील वाद चालूच राहतो. शोकाला आकार देणारा विधी अधिकाराच्या हिशेबात अडकला की काय होते, याचे हे चित्र आहे. तरीही कादंबरी संस्कार नको असे म्हणत नाही. प्रेताला अग्नी द्यावाच लागतो, चंद्रीने दिला. विधीचा मूळ हेतू तिच्या हातून पुरा झाला आणि विधीचे अधिकारी हात जोडून बसून राहिले.

जमाखर्चाची अशी तपासणी करून एका विशिष्ट निर्णयाला आलेला आपल्या काळातील सर्वांत मोठा विचारवंत म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी १९३५ मध्ये येवल्यास केली. त्यानंतर धर्माचाच त्याग करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता; धर्मामुळे जे भोगावे लागले ते पाहता तसे केले असते तर कोणालाही नवल वाटले नसते. त्यांनी तसे केले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० मधील एका लेखात त्यांनी आपल्या कसोट्या सांगितल्या आहेत. समाज एकत्र राहावयाचा तर त्याला नीतीचा आधार हवा, केवळ कायदा पुरत नाही. तो आधार देणारा धर्म विज्ञानाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य करावी, आणि त्याने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. ईश्वरावाचूनचा, परंतु पवित्रतेच्या जाणिवेसह असलेला धर्म त्यांनी निवडला. धर्माची सामाजिक फळे खरी आहेत आणि म्हणूनच ती कोणत्या झाडाची घ्यावयाची हे निवडण्याचा अधिकार माणसाला आहे, असा या निवडीचा अर्थ लावता येईल.

६

या सर्व विवेचनातून अज्ञेयवाद्याच्या हाती काय येते? धर्माची फळे खरी आहेत, ती सिद्धांतापेक्षा आचार, भाषा आणि समूह यांतून अधिक येतात, आणि त्यांची वाटणी अनेकदा अन्यायाची झालेली आहे, एवढे म्हणता येते. परंतु याहून अवघड असा एक पेच उरतो. ही फळे जो फळांसाठी येतो त्याच्या हाती लागत नाहीत. मनःशांती मिळावी म्हणून हरिपाठ वाचणारा शांतीकडेच लक्ष लावून बसतो, आणि ती येत नाही. समाज एकजीव व्हावा म्हणून वारी भरविता येत नाही. तसे केल्यास ती जत्रा होईल किंवा सरकारी सोहळा होईल. वारकरी विठ्ठलासाठी चालतो म्हणून त्याला समाज मिळतो. धर्माची शिफारस औषधासारखी करणारे विद्वान ही गोष्ट विसरतात. स्वतःला जे खरे वाटत नाही ते इतरांसाठी हितकर आहे असे सांगण्यात एक प्रकारचा तुच्छताभावही असतो. 'लोकांना' धर्म हवा असे म्हणणारा स्वतःला लोकांत धरीत नाही.

तर मग अज्ञेयवाद्याने करावे काय? माझे उत्तर मर्यादित आहे. जेथे त्याला खोटे बोलावे लागत नाही तेथे त्याने सामील व्हावे. जेथे दार कोणासाठी तरी बंद आहे तेथे त्याने आत जाऊ नये. आणि ज्या श्रद्धेची फळे त्याने चाखली तिचे ऋण त्याने मान्य करावे. तो श्रद्धावंतांच्या घरी वाढलेला असतो. त्याची भाषा, त्याचे शब्द, करुणा, क्षमा, कृतज्ञता यांची त्याला असलेली ओळख, ही सर्व त्यांनी साठविलेली ठेव आहे. ती वापरून तिच्या मालकांना हसणे शोभत नाही. आणि ती वापरली म्हणून आपण मालक झालो असे भासविणेही शोभत नाही.

ज्यावर विश्वास नाही त्या काव्याचा अनुवाद कसा करता, या आरंभीच्या प्रश्नालाही यातच उत्तर आहे. भक्तिकाव्याच्या अनुवादकापुढे दोन मोह असतात. एक म्हणजे मुळातील श्रद्धा आपल्याला पटेल अशा रूपकात विरघळवून टाकणे. देव म्हणजे मूल्य, नाम म्हणजे एकाग्रता, असे करीत जाणे. दुसरा म्हणजे नसलेल्या श्रद्धेचा गहिवर भाषेत आणणे. दोन्हींत मुळाशी प्रतारणा होते. देव या शब्दाने कवीला देव म्हणावयाचे असेल तर अनुवादातही देवच आला पाहिजे, अनुवादकाला तो भेटलेला असो वा नसो. श्रद्धा कवीची असते आणि तिला बाधा येऊ न देणे एवढेच अनुवादकाचे काम असते.

आईने मला हे फार पूर्वी, पोथी पुढे सरकवताना सांगितले होते. त्या वेळी ती वाचण्याविषयी बोलते आहे असे मला वाटले होते. पोथी अजून माझ्यापाशी आहे. काही संध्याकाळी मी ती उघडतो, पूर्वीच्याच वेगाने वाचतो आणि मिटून ठेवतो. फलश्रुतीचा भाग मी आता गाळीत नाही.